आधी उपटा, मग थांबा, लावायचं नंतर बघू

मी एकतीस वर्षं वायरमन होतो. मृगाच्या आधी खांबावर चढायचं आणि तारेला टेकणाऱ्या फांद्या छाटायच्या, हे माझं काम. किती कडुनिंब अर्ध्यातून कापले याचा हिशेब नाही. 2019 ला रिटायर झालो आणि पुढच्याच वर्षी त्याच हातांनी झाडं जगवायच्या नादी लागलो. बायको म्हणते, "पाप फेडायलेत." असेल.

आमची जागा म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, सातारा डोंगराच्या पायथ्याला, कॉलनीच्या पाठीमागचा सव्वादोन एकराचा तुकडा. नकाशावर त्याचं नाव 'ओपन स्पेस'. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला अकरा केव्हीची विजेची लाईन, मधे मुरमाड बरड. कुणी बांधकामाचा मलबा आणून टाकायचं, कुणी लग्नाच्या पत्रावळ्या. उरलेल्या जागेवर सुबाभूळ, घाणेरी आणि गाजर गवत यांनी आपसात वाटणी करून घेतलेली. दर रविवारी आम्ही पंधरा-वीस जण तिथं असतो. आता आजूबाजूच्या कॉलन्यांतून फोन येतात, "काका, आम्हालाही करायचंय, रोपं कुठून आणायची?" त्यांना फोनवर सांगतो तेच इथं लिहितो. पहिलं उत्तर असं की रोपं आणू नका.

पहिला पावसाळा नुसतं बघा

हे ऐकलं की अर्धे लोक फोन ठेवतात. उरलेल्यांसाठी पुढचं.

आमच्याही आधी एका संस्थेनं इथं रोपं लावली होती. एका रविवारी पाचशे रोपं, बॅनर, टोप्या, फोटो. दिवाळीला मी मोजली तेव्हा अकरा उभी होती, आणि त्यातली सात गुलमोहर. उकरून बघितलं तर बऱ्याच रोपांची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. माणसं वाईट नव्हती. त्या जागेवर आधी काय आहे, हे कुणी बघितलं नव्हतं, इतकंच.

म्हणून दोनशे पानी वही घ्या. लाईनवर प्रत्येक खांबाला नंबर असतो, तो नसेल तर बिघाड कुठं झाला ते सांगताच येत नाही. तसेच आम्ही जागेत चुन्यानं रंगवलेले बावीस दगड मांडले आणि त्यांना नंबर दिले. दर पंधरा दिवसांनी दोघं जण सगळ्या दगडांवरून फिरायचे आणि लिहायचे. कोणत्या दगडापाशी काय उगवलं, पाणी कुठं थांबतं, कुठून वाहून जातं, शेळ्या कोणत्या बाजूनं शिरतात, लोकांची पायवाट कुठून जाते, राख कुठं दिसते. पायवाट बंद करायला जाऊ नका. लोक कुंपण तोडून त्याच वाटेनं जातात, आणि जाता जाता रोप तुडवून जातात.

या फिरण्यात आम्हाला जे सापडलं त्यानं सगळं कामच बदललं. तेरा नंबरच्या दगडापाशी गवतात बोटभर उंचीचे पळसाचे फुटवे होते. मला वाटलं, बी पडून उगवलेत. खुरप्यानं जरा उकरलं तर खाली मनगटाएवढं जाड खोड. दरसाल जळायचं, तुटायचं आणि परत फुटायचं. आमच्याकडं शेळ्या चारायला येणारे एक चाचा आहेत. त्यांना विचारलं, तर ते हसले. "ये पलास तो मेरे बाप के टाइम से इधरीच है भाई. कोई जलाता, कोई काटता, फिर निकलता." असे एक्केचाळीस पळस निघाले. नऊ हिवर, बोरी तर मोजायच्या सोडून दिल्या, नाल्याकडच्या काळ्या मातीत तीन हिंगणबेट. बरडावर तरवड आणि रुई. हे सगळं जिवंत होतं आणि आम्ही त्याच्यावरच नवे खड्डे घेणार होतो.

नावं कळण्यासाठी मोबाईलचं ॲप वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. पान, फूल, शेंग आणि खोडाची साल असे चारही फोटो काढा आणि विद्यापीठात किंवा जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला तरी दाखवा. त्याहून आधी म्हाताऱ्या गुराख्याला दाखवा. आपटा आणि कांचन यांत तर ॲपपेक्षा दसऱ्याला पानं ओरबाडणारी माणसंच जास्त चुकतात.

गवताकडंही बघा. पहिल्या वर्षी मी त्याला 'कचरा' म्हणायचो. आमच्या बरडावर कुसळी आणि पवना आहे, नाल्याच्या बाजूला मारवेल. मराठवाड्याचा माळ असाच असतो, गवताचा, मधेमधे एखादी बोर नाहीतर हिवर. सव्वादोन एकर सगळं झाडांनी भरून टाकायचं हे डोक्यातून काढायला मला एक वर्ष लागलं. टिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते. चार अंडी असली तर चार महिने पाऊस, असं आपल्याकडं म्हणतात. तो अंदाज खरा ठरो न ठरो, पण झाडीत टिटवी अंडी घालायला येणार नाही, हे नक्की. आता एप्रिल-मेमध्ये बरडावर पाय टाकण्याआधी आम्ही खाली बघतो.

याच काळात कागद करून घ्या. जागा महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची लेखी संमती हवी. तोंडी 'करा की' याला काही अर्थ नाही, साहेब बदलला की ते 'करा की' त्याच्यासोबत बदलीवर जातं. शहरी भागातल्या झाडांसाठी आपल्या राज्यात 1975 चा कायदा आहे आणि झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 'सुबाभूळ परदेशी आहे, तोडली तर काय झालं' असं म्हणून सुटका होईल असं समजू नका. उपटायची ती रोपटी, कापायचं ते परवानगीनं.

उपटायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. आणि सगळ्यात मोठी चूक आम्ही इथंच केली.

दुसऱ्या वर्षी एका सदस्यानं ओळखीतला जेसीबी आणला. फुकट होता, दोन तासांसाठी. आम्ही खूश. तीन ते आठ नंबरच्या दगडांमधली सगळी घाणेरी आणि सुबाभळीची रोपटी दोन तासांत साफ. जमीन कशी आरशासारखी. फोटो मीच काढले. पाऊस पडला आणि त्या अर्ध्या एकरात कमरेएवढं गाजर गवत उभं राहिलं. सावली गेली, वरची माती उलटी झाली, खाली निजलेलं सगळं बी वर आलं. कुसळीचे जुने ठोंब होते तेही दातऱ्याखाली गेले. ती जागा आजही आमची सगळ्यात वाईट जागा आहे. यंत्र आणू नका. फुकट असलं तर मुळीच आणू नका.

एका पावसाळ्यात जेवढ्या तुकड्याची पुढची दोन वर्षं राखण करता येईल तेवढाच तुकडा हाती घ्या. आम्ही आता एका वेळी दोन दगडांमधलं अंतर घेतो, त्याच्यापुढं नाही. सुरुवातही जिथं देशी झाडोरा बरा आहे तिथून करायची आणि वाईट जागेकडं सरकत जायचं. मन उलटं सांगतं, जिथं जास्त घाण तिथं आधी हात घालावा असं वाटतं. पण बऱ्या जागेवरचे दोन-चार परके उपटले की शेजारचं गवत स्वतःच ती जागा भरून काढतं. वाईट जागेवर तुम्ही उपटलं की पुन्हा तेच येतं.

आता एकेकाचं.

सुबाभळीचं रोपटं आर्द्रात उपटावं. माती ओली असते, वीत-दीड वीत उंचीचं रोपटं मुळासकट अलगद येतं. तेच दिवाळीनंतर उपटायला जा, हात सोलतील आणि रोप वरून तुटेल. तुटलं की चार फुटवे. अंगठ्याएवढं जाड झालं की हातानं होत नाही, सब्बल लावून मूळ सैल करावं लागतं. मोठी झाडं परवानगी घेऊन कापली तरी बुंधा फुटतो. मग दर पंधरा दिवसांनी कोंब मोडत राहायचे. बुंधा उपाशी मारायचा असतो, त्याला एक पावसाळा पुरत नाही, कधी दोनही. आणि बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळं 'सुबाभूळ संपली' असं कुणी म्हणालं तर समजा की तो माणूस यंदा जागेवर आलेला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात हिचं किती कौतुक झालं होतं, चारा म्हणून, सरपण म्हणून. माझ्या वडिलांनी बांधावर लावली होती. हौसेनं लावली होती.

घाणेरी नुसती वरून कापली तर पुढच्या वर्षी दुप्पट दाट येते. टिकावानं बुडाजवळची माती बाजूला करायची, खोड आणि मूळ जिथं मिळतं त्या गाठीच्या खाली तीन-चार बोटं मूळ तोडायचं आणि सगळं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडं. फांदी ओल्या मातीला टेकली तर ती मूळ धरते, म्हणून उलटं. पिकलेली काळी फळं असतील तर आधी ती पोत्यात गोळा करा. सगळी घाणेरी एकदम काढू नका. बुलबुल आणि सातभाई तिच्या आडोशाला असतात. दुसरा आडोसा उभा राहीपर्यंत काही जाळ्या तशाच सोडा.

येडी बाभळ, म्हणजे पुस्तकात जिला वेडी बाभूळ लिहितात ती, हिच्यासाठी फूटभर खोल खणावं लागतं. वरून कापली की झुडूप होऊन पसरते. काटा चपलेतून आरपार जातो, त्यामुळं त्या दिवशी बूट नसलेल्याला आम्ही परत पाठवतो. मात्र तिच्या कापलेल्या फांद्या फेकू नका, पुढं लागतील.

गाजर गवत, आपल्याकडं 'काँग्रेस', फुलायच्या आत उपटायचं. नियम एवढाच, आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण पांढरी फुलं दिसल्याशिवाय लोकांना ते दिसतच नाही. एका झाडाला हजारो बिया होतात. 1955-56 च्या सुमाराला पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि आज ते कुठं नाही सांगा. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालूनच हात लावा. आमच्यातल्या एका मावशींनी पदराला हात पुसत तासभर उपटलं आणि आठ दिवस मानेला खाज सुटून हैराण झाल्या. दम्याच्या माणसाला या कामाला लावूच नका, त्याला वही द्या. फुलाआधीचं गवत खतात चालतं, फुललेलं खड्ड्यात खोल पुरा. मिठाचं पाणी फवारा असं बरेच जण सांगतात. गवत मरतंही, पण माती खारावते, मग तिथं दुसरं काय उगवणार? आम्ही करत नाही. पावसाळ्यात पानांवर पांढुरक्या अंगाचे, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर तेवढी झाडं सोडून द्या. तो मेक्सिकन भुंगा, गाजर गवत खाण्यासाठीच बाहेरून आणून 1984 साली देशात सोडलेला. त्याला त्याचं काम करू द्या. आणि जेसीबीनं बिघडवलेल्या जागेवर आम्ही शेवटी तरोट्याचं बी टाकलं. तरोटा दाट उगवतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. कोवळा असताना भाजी होते, ती बायकांनी नेली. दोन वर्षांनी तिथं निम्मं गाजर गवत उरलंय. निम्मं आहेच.

नवीन माणसाला यातलं काहीच ओळखू येत नाही, हे लक्षात ठेवा. आमच्या एका उत्साही पोरानं पहिल्याच रविवारी बाभळीची सगळी रोपटी उपटली, पानं सुबाभळीसारखी दिसतात म्हणून. काटा बघायचा राहिला. त्यावर मी माझ्या धंद्यातला उपाय काढला. लाईनचे तीन फेज असतात, लाल, पिवळा, निळा. घरात इन्सुलेशन टेपची रिळं पडलेलीच होती. पावसाळ्याच्या आधी आम्ही तिघं जण फिरून टेप बांधतो. लाल टेप म्हणजे हात लावायचा नाही. पिवळी म्हणजे विचारून. निळी म्हणजे उपट. सातवीतल्या पोरालाही कळतं.

शेळ्या, आग आणि दसरा

उपटून झालं की राखण. या तिघांपासून.

शेळीवाल्याशी भांडू नका. तो तुमच्या आधीपासून तिथं आहे, आणि तुम्ही घरी असता तेव्हा तोच जागेवर असतो. आम्ही पहिल्या वर्षी बोर्ड लावला, 'शेळ्या चारण्यास सक्त मनाई'. चाचांनी त्याच्या सावलीत बसून डबा खाल्ला. मग मी त्यांच्याशी बसून बोललो. ठरलं ते असं. आम्ही कापलेला सुबाभळीचा पाला त्यांना द्यायचा, नाल्याकडची पट्टी वर्षभर त्यांची, आणि बरडावर जून ते दिवाळी शेळ्या आणायच्या नाहीत. पाला देताना पिकलेल्या शेंगा काढून टाकतो, कारण शेळीच्या पोटातून कठीण बी तसंच बाहेर पडतं आणि लेंडीबरोबर जागाभर पेरलं जातं. येडी बाभळ अशीच पसरली. नुसती सुबाभूळही जनावराला बाधते, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्यावी लागते. हे मला चाचांनीच सांगितलं. आज आग लागली की पहिला फोन त्यांचाच येतो.

आग लागते फेब्रुवारीपासून. गवत वाळतं, कुणीतरी विडी टाकतं, कुणी कचरा पेटवून देतं. जानेवारीतच रस्त्याच्या कडेनं आणि मलब्याच्या बाजूनं सहा-सात फूट रुंदीची जाळरेषा काढा, म्हणजे तेवढ्या पट्टीतलं गवत खरवडून साफ. बाकीचं गवत राहू द्या. आमच्या कॉलनीत दरवर्षी कुणीतरी म्हणतं की सगळंच कापून टाका, साप येतात. पण कुसळीचं बी दिवाळीच्या आसपास पिकतं. त्याआधी कापलं तर पुढच्या वर्षीला काही उरत नाही. बी गळल्यावर पाहिजे तर कापा, तेही वीतभर ठेवून. कुसळ पायजम्यात घुसतं म्हणून लोक शिव्या देतात. तेच कुसळ ओल मिळाली की पिळा सोडत फिरतं आणि बी जमिनीत घुसवतं. आपली पेरणी ते स्वतः करतं.

दसऱ्याचं मला आधी सुचलंच नव्हतं. आम्ही चार आपटे जगवले होते, छातीपर्यंत आलेले. दसऱ्याच्या सकाळी जाऊन बघतो तर चारही काड्या. एकाची तर फांदीच मोडून नेलेली. रागावून काय करणार, घरोघर सोनं वाटायला माझीच नातवंडं गेली होती. पुढच्या वर्षी आम्ही आदल्या दिवशी एका मोठ्या आपट्याची थोडी पानं स्वतः तोडून, मंदिरापाशी टोपलीत ठेवली. घराला दोन पानं. झाडांजवळ कुणी फिरकलं नाही. वटपौर्णिमेला वडाच्या फांदीचंही असंच काहीतरी करावं लागेल.

आता लावायचंच असेल तर

हिशेब पाण्यापासून सुरू करा. उलटा करा, म्हणजे उन्हाळ्यात किती पाणी देता येईल ते आधी, रोपांचा आकडा नंतर. आमच्याकडं पाऊस साधारण 700 मिलिमीटर, तोही खंड देत देत. पहिले दोन उन्हाळे रोपाला आठवड्याला निदान दहा लिटर लागतं. साठ रोपं धरली तर आठवड्याला 600 लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून मृगापर्यंत सोळा-सतरा आठवडे, म्हणजे दहा हजार लिटर. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल याची बायका वाट बघत बसतात, तिथं टँकर मागवून झाडाला घालायचं म्हटलं की लोकांचं डोकं फिरतं, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून आम्ही वर्षाला साठच्या पुढं जात नाही. सकाळी फिरायला येणाऱ्यांना सांगितलंय, दोन लिटरची बाटली भरून आणा, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, आणि ठरलेल्या दगडापाशी ओता. जानेवारीत पंचवीस माणसं आणायची. मेमध्ये सहा-सात. कमतरता टाकीतून भरतो.

याच कारणानं मियावाकी पद्धतीच्या घनवनाला आम्ही नाही म्हटलं. एका चौरस मीटरात तीन-चार रोपं, खालची माती सगळी बदलून. ज्यांच्याकडं पाणी आहे त्यांनी करावं. आमच्या बरडावर आधीच जे आहे ते त्याच्याखाली गाडलं गेलं असतं. बीजगोळ्यांबद्दल मला विचारू नका. पोरांना मातीत खेळायला मिळतं, एवढं खरं.

रोपांपेक्षा बी बरं, कारण बी फुकट आणि ते इथलंच. पळसाच्या पापड्या मे-जूनमध्ये झाडाखाली पडतात, गोळा करून पहिल्या दमदार पावसात थेट जागेवर टोचा. पळसाचं मूळ लांब जातं, पिशवीत त्याला कोंडल्यासारखं होतं. लिंबोळी पिकून पडली की गर धुऊन आठ-पंधरा दिवसांत लावलीच पाहिजे, पुढच्या वर्षीसाठी ठेवली तर नुसती टरफलं राहतात. बहाव्याचं उलट. त्याचं कवच इतकं टणक की तसंच पेरलं तर दोन वर्षंही पडून राहील. खरबरीत दगडावर एका बाजूनं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलं तेवढंच पेरा. बाभळीचं बी शेळीच्या वाड्यातून आणलेलं छान उगवतं, तिच्या पोटातच त्याचं कवच मऊ पडतं. चाचांनी एक डबाभर दिलं होतं. तरवडाचं बी पिकल्या शेंगांतून काढून ओंजळभर भुरभुरवलं तरी होतं, आणि शेळ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत. श्रावणानंतर बरडावर जी पिवळी फुलं दिसतात ती त्याचीच. त्याच्या आडोशाला लावलेली बाकीची रोपं जास्त तगली, असं आमची वही सांगते.

रोप विकत किंवा रोपवाटिकेतून घेतलंत तर गुडघ्याएवढं घ्या. पुरुषभर उंचीचं रोप फोटोत चांगलं दिसतं, पण त्याचं मूळ पिशवीत वेटोळं झालेलं असतं. पिशवी काढल्यावर वेटोळं दिसलं तर तेवढं कापा. खड्डा मेमध्येच घ्या, दीड फूट बाय दीड फूट, ऊन खाऊ द्या. भरताना त्यातच निघालेली माती, थोडा पालापाचोळा, थोडं शेणखत. ट्रॉलीभर लाल माती आणून भरू नका. मुरमात मऊ मातीचा खड्डा म्हणजे कुंडी. मुळं त्यातच गोल फिरतात, बाहेर जायला मागत नाहीत, आणि पाणीही तिथंच साचतं. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घाला, बुडाला वाळलेल्या गवताचं जाड आच्छादन करा. आणि येडी बाभळीच्या फांद्या राखून ठेवायला सांगितल्या होत्या, त्यांचं काट्याचं कुंपण आता रोपाभोवती करा, शेंगा झटकून. लोखंडी ट्री गार्ड आम्ही वीस आणले होते. पाच आहेत. बाकीचे भंगारात गेले असणार, आम्ही नाही विकले.

लाईनच्या खाली उंच झाड लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. आज पिंपळ लावाल, बारा वर्षांनी माझ्यासारखाच कुणीतरी येऊन त्याचं डोकं उडवील. तारेच्या दोन्ही बाजूंना मी पंधरा-पंधरा फूट सोडतो आणि तिथं तरवड, निरगुडी, करवंद लावतो. तारेजवळची फांदी स्वतः तोडायला जाऊ नका, ओला बांबू वीज धरतो. लाईन बंद करून ज्याचं काम त्यानंच ते करायचं.

माणसांचं थोडक्यात. वेळ सकाळी साडेसहा, मार्चनंतर आठला बंद. दोन तासांच्या वर कुणाला थांबवायचं नाही, थांबवलं तर पुढच्या रविवारी तो येत नाही. चहा शेवटी द्यायचा, आधी दिला की गप्पांतच आठ वाजतात. दगड हातानं उलटायचा नाही, आधी सब्बलनं हलवायचा. आमच्याकडं फुरसं आहे, विंचू आहेत. साप चावला तर कापाकापी नाही, बांधाबांधी नाही, हात-पाय न हलवता सरळ घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात. वाढदिवसाला झाड लावायचंय असा फोन आला तर मी म्हणतो, या, आणि हातात खुरपं देतो. काही जण परत येतात.

राहिलं अंजन. अजिंठ्याकडच्या डोंगरातून आणलेल्या बियांची सात रोपं आम्ही लावलीत. तीन वर्षं झाली, वीतभर आहेत. येणारा-जाणारा म्हणतो, मेलं की हे. अंजन आधी मूळ खाली पाठवतं, वरचं नंतर बघतं. गेल्या पावसाळ्यात एका नव्या पाहुण्यानं त्यातलं एक वाळकी काडी समजून ओढलं. काडी आली वीतभर, आणि तिच्याखाली तुटलेलं मूळ माझ्या हातभर. चूक आमचीच, त्याच्यावरच्या टेपचा लाल रंग उन्हानं उडून ती पांढरी पडली होती. आता उरलेल्या सहांना दर चार महिन्यांनी नवी लाल टेप बांधतो, काडीला नाही, शेजारी रोवलेल्या खुंटीला.